‘...आणि पार्टी’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला तुमच्यापैकी पुष्कळ जण येऊन गेले असतील. परभणीहून गंगाखेडकडं निघालं की वाटेत आमचं गाव लागतं. रेल्वेनं आलात तर परळीच्या लाईनवर गावाच्या नावाचं स्टेशनही आहे. दर्शन झालं की माणसं चहाला थांबतात. अशाच एका हॉटेलाच्या बाकड्यावर गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं एक भांडण चालू आहे. आज मी त्या भांडणाविषयी बोलणार आहे. भांडण शेताच्या बांधाचं नाही की ग्रामपंचायतीचं नाही. शाहीर साबळ्यांची पार्टी कोणत्या काळातली चांगली, याचं ते भांडण आहे.

हसू नका. यावरून आमच्याकडं दोन सख्खे साडू सहा महिने एकमेकांशी बोलत नव्हते.

या भांडणात पहिल्यापासून दोन तट. एक प्लेटवाल्यांचा. यांच्या लहानपणी लग्नाच्या मांडवावर भोंगा बांधला जाई, आणि लाउडस्पीकरवाला बॅटरीवर मशीन चालवून ७८ च्या काळ्या प्लेटा लावी. त्यातून ऐकलेले साबळे हेच खरे साबळे, असं हे लोक मानतात. दुसरा तट कॅसेटवाल्यांचा. ऐंशीच्या दशकात ‘महाराष्ट्राची लोकधारा’ आली. वासुदेव, वाघ्या-मुरळी, कोळी नाच, भारूड, गोंधळ असं सगळं एका रंगमंचावर आलं, आणि त्या काळात टेपरेकॉर्डरही घराघरांत शिरला. या तटाचं म्हणणं असं, की साबळे तेव्हा कुठं पुरते उलगडले. प्लेटांवर नुसता आवाज होता, लोकधारेत अख्खा महाराष्ट्र होता.

२०२३ साली ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीत झालं. त्या वर्षीच्या शिवजयंतीला, १९ फेब्रुवारीला ते लागू झालं. शब्द राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळे यांची आणि आवाज शाहीर साबळे यांचा. बातमी आली त्या दिवशी प्लेटवाल्यांनी हॉटेलात सगळ्यांना चहा पाजला. ‘आता बोला,’ म्हणाले, ‘सरकारनं कोणतं गाणं उचललं? प्लेटवरलं का कॅसेटवरलं?’ त्याच साली केदार शिंदे यांचा ‘महाराष्ट्र शाहीर’ हा सिनेमा आला. केदार शिंदे हे साबळ्यांचे नातू आणि लोकधारेत घडलेले. सिनेमात साबळ्यांची भूमिका करणारे अंकुश चौधरीही लोकधारेतलेच. तेव्हा चहा पाजायची पाळी कॅसेटवाल्यांची होती. एकूण काय, हॉटेलवाल्याचा धंदा झाला.

आता या वादात खरं काय आहे, ते जरा इतिहासाकडं पाहून सांगतो. मी इतिहासाचा पंडित नाही. प्राथमिक शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं, आणि शाळेतल्या गॅदरिंगला पोवाडा बसवायचं काम दरवर्षी माझ्याकडं असायचं, एवढाच माझा अधिकार.

पोवाड्याची प्लेट म्हणजे काय होती, ते आजच्या मुलांना ठाऊक नाही. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. दोन्ही बाजू मिळून सहा-सात मिनिटं. आणि पोवाडा तर रात्री नऊला उभा राहून साडेदहाला संपायचा. मध्ये शाहीर थांबणार, गद्यात गोष्ट पुढं नेणार, समोरच्या पाटलाला चिमटा काढणार, पाणी पिणार, परत डफावर थाप मारणार. हे सगळं तीन मिनिटांत कसं बसायचं? म्हणून प्लेटसाठी वेगळाच पोवाडा तयार झाला. मुजरा लहान झाला, गद्य गेलं, आणि पहिल्या अर्ध्या मिनिटातच शाहीर ऐन लढाईत शिरू लागला. प्लेटवाले ज्याला साबळ्यांचा खणखणीतपणा म्हणतात, त्यातला काही वाटा साबळ्यांच्या गळ्याचा आहे, यात शंका नाही. पसरणीच्या या गड्याचा गळा काही वेगळाच होता. पण काही वाटा त्या तीन मिनिटांचाही आहे. मिनिटं मोजून गायचं म्हटलं की माणूस वायफळ गात नाही.

कॅसेट आली आणि हे कुंपण गेलं. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एकेका बाजूला अर्धा तास. तिच्यात गण बसला, भारूड बसलं, मधली बतावणीही बसली. म्हणजे कॅसेटवाले म्हणतात ते खोटं नाही. जत्रेत जसं ऐकू यायचं, त्याच्या जवळ कॅसेटच अधिक गेली. मात्र त्यांना हे कबूल करावं लागेल, की लोकधारेच्या काळात साबळे साठीच्या घरात होते. १९२३ चा त्यांचा जन्म. मंचावर तरुण मुलं-मुली नाचत होती, गात होती, आणि शाहीर त्यांच्यामध्ये वडीलधाऱ्यासारखे उभे असत. त्याच मंडळींत भरत जाधव होते, साबळ्यांच्या कन्या चारुशीला होत्या. पुढं नाटका-सिनेमात गेलेली किती माणसं त्या एका पार्टीतून निघाली! माझं मत विचाराल तर ऐकायला प्लेटवरचे साबळे आणि बघायला लोकधारेतले. हे मत मी हॉटेलात मांडलं तेव्हा दोन्ही तटांनी मला वेडा ठरवलं.

साबळ्यांच्या घरातच हा जुन्या-नव्याचा ओढा होता, हे पुष्कळांना माहीत नसतं. त्यांचे चिरंजीव देवदत्त साबळे यांनी शान्ता शेळके यांच्या ‘ही चाल तुरुतुरु’ला चाल दिली आणि ती जयवंत कुलकर्णी गायले. डफ-तुणतुण्याच्या घरातून निघालेली ही चाल कॉलेजातल्या पोरांच्या तोंडी बसली. आणि २००४ साली ‘अगं बाई अरेच्चा’ या सिनेमात अजय-अतुल यांच्या ‘मल्हारवारी’त म्हाताऱ्या शाहिरांचा आवाज पुन्हा उमटला, तेव्हा आमच्या बाकड्यावरचे दोन्ही तट पहिल्यांदा आणि शेवटचे एकत्र आले. दोघांनाही ते आवडलं होतं. आठवडाभर काही बोलायलाच विषय नव्हता.

पण आमच्याकडं तिसरा एक तट होता. तट कसला, एकच माणूस. माझे एक चुलते. तरुणपणी मुंबईला गिरणीत काम करून आलेले. दोन्ही बाजूंचं ऐकून झालं की ते तंबाखू मळता मळता म्हणायचे, ‘तुमी आवाज ऐकला रे. तिघांस्नी एका जागी उभं राह्यलेलं कुणी पाह्यलं का?’

तिघं म्हणजे अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर. १९४४ साली उभं राहिलेलं लालबावटा कलापथक. वाटेगावचा अण्णा, बार्शीचा अमर, आणि त्यांच्या जोडीला गवाणकर. अण्णा भाऊंची लेखणी आणि अमर शेखांचा पहाडी आवाज, असं आपण सोयीसाठी म्हणतो. प्रत्यक्षात अण्णा भाऊ स्वतः उभे राहून गात होते, अमर शेख स्वतः कवी होते, आणि गवाणकर लिहीतही होते, गातही होते. तिघंही गिरणगावाच्या चाळींतून, मैदानांतून कष्टकऱ्यांपुढं उभे राहिले. स्टॅलिनग्राडच्या लढाईचा पोवाडा अण्णा भाऊंनी लिहिला. अमळनेरच्या गोळीबारावर लिहिला, बंगालच्या दुष्काळावर लिहिला. पुढं संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली तेव्हा ‘माझी मैना’ ही त्यांची छक्कड गावोगाव गेली.

आता यात आपल्या मराठवाड्याचा एक वेगळा धागा आहे. १९४४ साली आपण निजामाच्या राज्यात होतो. मुंबईच्या मैदानावर हे तिघं गात होते तेव्हा पोखर्णीच्या माणसाला ते ऐकायचं तर गाव सोडून, हद्द ओलांडून जायला लागे. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मोकळे झालो, १९५६ ला मुंबई राज्यात गेलो, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. म्हणजे शाहिरांनी मागितलेलं राज्य आपल्याला मिळालं. पण त्या शाहिरांचा ऐन भर आपल्यातल्या फार थोड्या माणसांनी पाहिला. चुलत्यांना त्याचा अभिमान होता आणि थोडी घमेंडही होती. त्यांच्याशी वाद घालता येत नसे. कारण समोर ठेवायला त्यांच्याकडं ना प्लेट ना कॅसेट. होती ती फक्त त्यांची आठवण. आणि आठवणीतलं गाणं कधी बेसूर होत नाही.

पुढं तिघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. अमर शेखांचं स्वतःचं कलापथक झालं. १९६१ च्या ‘प्रपंच’ सिनेमात ते दिसले. अण्णा भाऊ कादंबऱ्यांत रमले, ‘फकिरा’ आली. १९६९ साली १८ जुलैला अण्णा भाऊ गेले आणि २९ ऑगस्टला अमर शेख अपघातात गेले. मध्ये पुरते दीड महिनेही नाहीत. चुलते सांगत, त्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला त्यांच्या खोलीतल्या गिरणी कामगारांनी चूल पेटवली नव्हती.

माझा एक भाचा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे आणि इंग्रजी गाण्यांचा शौकीन आहे. सुट्टीला आला की तोही बाकड्यावर बसतो. एकदा म्हणाला, ‘मामा, तुमचं हे भांडण इंग्लंडात पण चालतं.’ तिकडं फेअरपोर्ट कन्व्हेन्शन नावाची मंडळी आहे. १९६७ साली निघाली. जुनी इंग्रजी लोकगीतं, आपल्याकडं ओवी-पोवाडे आहेत तशी, ती विजेच्या गिटारीवर आणि ड्रमवर गायची, असा त्यांचा बाणा. १९६९ साली त्यांच्या गाडीला अपघात झाला, त्यात ड्रम वाजवणारा पोरगा गेला. त्याच साली उरलेल्यांनी ‘लीज अँड लीफ’ ही लाँगप्ले काढली. ती त्यांची सगळ्यांत नावाजलेली. आणि ती बाजारात येते न येते तोच गाणारी सँडी डेनी आणि बेस वाजवणारा अ‍ॅशली हचिंग्ज मंडळी सोडून गेले. पुढं तर असा काळ आला, की पहिल्या जणांपैकी एकही माणूस त्या मंडळीत उरला नाही; पण नाव तेच. नंतर जुन्यातले काही परत आले. आजही क्रॉप्रेडी नावाच्या खेड्यात दरवर्षी त्यांची जत्रा भरते आणि लोक गवतावर बसून कोणत्या साली कोण होतं यावरून वाद घालतात. हे ऐकून आमचा हॉटेलवाला म्हणाला, ‘मंग त्ये तर आपल्या फडावानीच की!’

त्यानं म्हटलं ते अगदी बरोबर होतं. माणसं बदलायची आणि नाव टिकायचं, ही रीत तमाशाच्या फडाला चांगली ठाऊक आहे.

फडाचा व्यवहार असा. दसऱ्याला फड उभा राहतो. त्याआधी मालक कलावंतांना उचल देतो. उचल म्हणजे पुढच्या हंगामाच्या पगारापोटी आगाऊ रक्कम. ज्याची उचल घेतली त्याच्या फडात तो हंगाम काढायचा. वैशाखात हंगाम संपला की माणूस मोकळा. पुढच्या वर्षी दुसऱ्या मालकानं जास्त उचल दिली की ढोलकीवाला तिकडं, सोंगाड्या तिकडं. त्यामुळं तंबूवर नाव तेच असलं तरी आतली माणसं दरसाल निम्मी-अर्धी बदललेली. गुढीपाडव्याच्या आसपास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात. तिथं गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी द्यायला जातात, आणि पहिला प्रश्न हाच विचारतात: ‘औंदा कोण कोण हाय?’

विठाबाई नारायणगावकरांचा फड, काळू-बाळूंचा फड, दत्ता महाडिकांचा फड, ही नावं आपल्याकडं घरच्यासारखी. तुकाराम खेडकर आणि कांताबाई सातारकर ही जोडी तर जुन्या रसिकांच्या तोंडातून जात नाही. खेडकर गेल्यावर कांताबाईंनी पुढं स्वतःचा फड उभारला, मुलगा रघुवीर खेडकर यांच्या जोडीनं तो वाढवला. त्या २०२१ च्या मे महिन्यात गेल्या. आता ‘खेडकरांचा फड’ असं कुणी म्हणालं, तर कोणता? तुकारामांचा, कांताबाईंचा की रघुवीरांचा? माणूस किती वर्षांचा आहे ते बघून मी समजून घेतो.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या दोन साडूंचं भांडण सुटलं ते असल्याच एका गोष्टीवरून. साबळ्यांवरून सुरू झालेलं बोलणं एका फडावर घसरलं होतं. एक म्हणायचा, ढोलकी अशी की अंगावर काटा. दुसरा म्हणायचा, ढोलकी? ढोलकी कुठं होती? नुसता पत्रा बडवत होता. साल दोघंही एकच सांगायचे. शेवटी मी विचारलं, कुठं पाहिला? पहिल्यानं माळेगावच्या जत्रेत पाहिला होता. खंडोबाची ती जत्रा मार्गशीर्षात असते, म्हणजे हंगामाची सुरुवात. फड ताजा, गळे ताजे, ढोलकीची पुडी नवी. दुसऱ्यानं पाहिला तो वैशाखात. सहा-सात महिने रोज रात्री खेळ, दिवसा ट्रकमध्ये झोप, गळे बसलेले. त्यात मधेच ढोलकीवाला आजारी पडून गावी गेलेला आणि त्याच्या जागी हलगीवाला पोरगा बसवलेला. एकाच सालातला एकच फड, पण दोघांनी पाहिलेला सारखा नव्हता.

आपल्या भागात ‘पार्टी’ हा शब्द आणखी एका ठिकाणी नांदतो. बुद्धविहारापुढं जयंतीला गायन पार्ट्यांचे सामने व्हायचे. रात्र रात्र चालायचे. वामनदादा कर्डकांची गाणी आणि प्रल्हाद शिंदे यांच्या कॅसेटा यांच्यावर आमच्या गावातल्या दोन पिढ्या वाढल्या. दोघंही २००४ सालीच गेले. वामनदादा मे महिन्यात, प्रल्हाद शिंदे जूनमध्ये. वामनदादांनी हजारो गाणी लिहिली, ती गायली मात्र कुणीकुणी. पण शेवटच्या कडव्यात ‘वामन’ असं नाव गुंफायची त्यांची रीत होती. त्यामुळं गाणं कुणीही गावो, कुठल्याही गावात गावो, नाव निसटत नाही. ही रीत आपल्या संतांचीच. आमच्या शेजारच्या गंगाखेडची जनाबाई. दळता-कांडताना रचलेलं तिचं नाव सातशे वर्षं टिकलं, ते अभंगाच्या शेवटी ‘जनी’ आहे म्हणून. कवीला शिक्का मारता येतो.

झीलकऱ्याला तो मारता येत नाही.

झीलकरी म्हणजे शाहिराच्या मागं उभा राहून ‘जी जी रं जी’ ओढणारा. तमाशात याला सुरत्या म्हणतात. शाहिराचा श्वास संपतो तिथं याचा सुरू होतो. शाहिराला पुढच्या ओळीसाठी छाती भरून घ्यायला जी उसंत लागते, ती झीलकरी देतो. सूर चढवायचा असेल तर तोच आधी चढवून ठेवतो. गोंधळातही असंच. आपल्या परभणीच्या राजारामबापू कदमांसारख्या गोंधळ्याचं नाव आपण आदरानं घेतो; पण आख्यान लागतं तेव्हा नाईकाच्या मागं संबळवाला असतो, तुणतुणेवाला असतो, दिवटी धरणारा असतो, आणि नाईकानं टाकलेला शब्द झेलायला कुणीतरी लागतो. प्लेटच्या गोल कागदावर मात्र जागा थोडी. त्या काळच्या प्लेटांवर शाहिराचं नाव छापलेलं असे, आणि त्याच्यापुढं दोनच शब्द: ‘आणि पार्टी’.

माझे वडील त्या दोन शब्दांत होते.

आम्ही त्यांना आबा म्हणायचो. कोरडवाहू शेती, आणि रात्री देवळात भजन. १९५८-५९ च्या सुमाराला एक कलापथक आपल्या भागात फिरत होतं. त्याचं नाव मी इथं घेत नाही. त्यांचा एक झीलकरी तापानं पडला आणि कुणीतरी आबांचं नाव सुचवलं. आबा दोन दिवसांसाठी म्हणून गेले आणि सगळा हंगाम फिरले. शेवटी त्यांच्याबरोबर मुंबईला गेले. तिथं पोवाड्याची प्लेट भरली. खोलीत एकच माइक. शाहीर त्याच्या अगदी पुढ्यात, ढोलकी दाराजवळ, आणि झीलकरी तिघं मागच्या भिंतीला टेकून. आबांचा आवाज मोठा, म्हणून त्यांना सारखं ‘मागं सरा, मागं सरा’ म्हणत होते. एक जेवण आणि गाडीभाडं मिळालं. महिन्या-दोन महिन्यांनी शाहिरांनी एक प्लेट माणसाबरोबर पाठवून दिली. एवढंच.

आबा सांगायचे, ‘दुसऱ्या बाजूला, लढाई संपती तिथं, तिसरा आवाज माझा हाय.’ गावात कुणी विश्वास ठेवला नाही. प्लेटवर नाव नाही, मग काय पुरावा? बाकड्यावर त्यांना ‘पार्टीवाले’ असं नाव पडलं. त्यात कुजकेपणा नव्हता. गावात नावं पडतातच. पण १९८५-८६ ची गोष्ट. मी तेव्हा नोकरीला लागलेला, कॅसेटवाल्यांचा पुढारी. नवा टेपरेकॉर्डर घेतलेला. हॉटेलात वाद रंगला होता आणि आबा प्लेटांच्या बाजूनं काहीतरी बोलले. मी सगळ्यांसमोर म्हणालो, ‘आबा, तिसरा आवाज माझा म्हणून तर कुणीबी म्हणंल.’ सगळे हसले. मीही हसलो. आबांनी चहाची बशी खाली ठेवली, धोतराचा सोगा आवरला आणि घरी गेले. त्यानंतर त्या प्लेटचा विषय त्यांनी माझ्यापुढं काढला नाही. चार वर्षांनी ते वारले.

पुढं ती प्लेट मला धान्याच्या कोठीमागं, जुन्या पंचात गुंडाळलेली सापडली. एका कडेला टवका उडालेला होता. ज्या कंपनीनं ती काढली तिच्या पत्त्यावर मी पत्र लिहिलं, की साथीदारांची यादी असेल तर कळवा. उत्तर आलं, की अशा नोंदी ठेवण्याची पद्धत नव्हती. त्यांचीही चूक म्हणता येत नाही. शाळेत गॅदरिंगचा फोटो काढायचो तेव्हा मीही मागच्या रांगेतल्या पोरांची नावं लिहून ठेवत नव्हतो.

काही वर्षांपूर्वी भाच्यानं ती प्लेट पुण्याला नेली. एका जुन्या मशिनवर लावून तिचा आवाज कॉम्प्युटरवर उतरवला, खरखर थोडी कमी केली, आणि माझ्या कानाला हेडफोन लावला. पहिल्या बाजूला झीलकऱ्यांचे आवाज एकात एक मिसळलेले. दुसऱ्या बाजूला सुरुवातीला तसंच. मग लढाई संपते. शाहीर थांबतो. पहिला आवाज ‘जी’ धरतो, वरचा. दुसरा त्याच्या खाली. आणि मग लांबून, भिंतीपाशी उभं राहून म्हटल्यासारखा, तिसरा. बाकीचे दोघं सोडतात तेव्हा हा अर्ध्या मात्रेनं उशिरा सोडतो. देवळात भजनात आबा असंच करायचे. टाळकरी वैतागायचे, ‘सोडा की हो आता.’ मी ते तेरा वेळा ऐकलं. भाचा म्हणाला, ‘मामा, आजोबाच आहेत का?’ मी म्हणालो, ‘पुन्हा लाव.’

उशिरा सूर सोडणारे झीलकरी महाराष्ट्रात पुष्कळ असतील, हे मला कळतं. कोर्टात हा पुरावा टिकायचा नाही.

गावी आल्यावर मी भाच्याचा मोबाईल घेऊन हॉटेलात गेलो. आता बाकड्यावर जुन्यातले तिघंच उरलेत. दोन प्लेटवाले, एक कॅसेटवाला. मी काही सांगितलं नाही, नुसती दुसरी बाजू लावली. गिऱ्हाइकांचा गलका चालू होता, रस्त्यानं गंगाखेडची एसटी गेली, तिच्यात निम्मं ऐकू आलं नाही. संपल्यावर कॅसेटवाला म्हणाला, ‘पुन्हा लाव. ह्यो मागला कोण हाय, लई लांबवतोय?’

मग त्यातले सगळ्यांत म्हातारे, ज्यांनी आबांना पार्टीवाले हे नाव दिलं होतं, ते कानाशी हात धरून मोबाईलवर वाकले. शेवटपर्यंत ऐकलं. आणि हॉटेलवाल्याला म्हणाले, ‘एक चहा जास्त सांग रं.’